हार्लेखचा किल्ला

कोणताही किल्ला पाहावयास गेल्यावर आपण तटांच्या उंचीनेंच थक्क होतों. परंतु आंत दाणागोटा कोठून येई, हें विचारल्यावांचून त्याचा इतिहास उलगडत नाहीं. वेल्समधील हार्लेखचा किल्ला हेंच शिकवितो.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें वेल्स जिंकून १२८३ सालीं हा किल्ला बांधावयास घेतला. समुद्राकांठच्या उंच खडकावर चौकोनी बालेकिल्ला, चार कोपऱ्यांस वाटोळे बुरूज व भोंवतीं दुसरा ठेंगणा तट. पण श्रोतेहो, खरी युक्ति आहे ती निराळीच. तटबंदीच्या आडोशानें एक दगडी जिना खडकाच्या पायथ्याशीं असलेल्या दरवाजापर्यंत उतरतो. त्या काळीं समुद्र तेथवर होता. १२९४ सालीं मॅडॉगच्या बंडांत किल्ल्यास वेढा पडला, तेव्हां आयर्लंडाहून गलबतांनीं आलेली रसद याच वाटेनें वर गेली आणि किल्ला वांचला.

पुढें ओवेन ग्लिंडूर या वेल्श पुढाऱ्यानें बंड उभारलें. त्या वेळीं शिबंदीजवळ ३ ढाली, ८ शिरस्त्राणें, ६ भाले व ४ तोफा, एवढेंच काय तें साहित्य होतें! १४०४ सालीं किल्ला ओवेनच्या हातीं गेला. १४०९ सालीं इंग्रजांनीं वेढा घालून तो परत घेतला; ओवेनची पत्नी व मुली कैद होऊन लंडनला गेल्या.

आज समुद्र दूर हटला आहे. जिना कोरड्या जमिनीवर उतरतो. पाहणारानें त्या दरवाजापाशीं क्षणभर थांबावें. तट किल्ल्याचें रक्षण करतात खरे, परंतु रसदेची वाट उघडी असेल तोंवरच.