युरियाची चोरी आणि अमळनेरचे ‘नाक’



युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असते. पैसे आपण त्या नत्राचेच मोजतो. पण ते सगळे उसाच्या मुळाला पोचते काय? ओल्या जमिनीवर युरिया नुसता फेकून ठेवला, की जमिनीतील युरिएज नावाचे विकर त्याचे विघटन करते. त्यातून अमोनिया वायू होतो आणि वाऱ्यावर निघून जातो. ऊन कडक असेल, जमीन चुनखडीची किंवा चोपण असेल, तर नुकसान अधिक. आपल्या जिल्ह्यात पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्या दाराशीच आहे.

गोठ्यात मुताचा जो उग्र दर्प नाकात जातो, तो याच वायूचा. उघड्या शेतात मात्र तो इतका विरळ होतो, की नाकाला पत्ताच लागत नाही. चोर घरात शिरतो आणि कुत्रे भुंकत नाही, तशी गत!

येथे शास्त्रज्ञांचे ‘नाक’ कामी येते. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील संशोधकांनी झिंक ऑक्साइडच्या थरावर क्रोमियम ऑक्साइडची प्रक्रिया करून अमोनिया ओळखणारा संवेदक तयार केला. हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. असे बरेच संवेदक तापवावे लागतात. हा साध्या तापमानालाच चालतो.

अशा संवेदकांचे तत्त्व सोपे आहे. हवेतला प्राणवायू थराच्या कणांना चिकटून त्यांतले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. अमोनिया आला, की त्याचा त्या प्राणवायूशी संयोग होतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, वीज सहज वाहते आणि मीटरवर फरक दिसतो. कण जितका बारीक, तितका वायूला भिडणारा पृष्ठभाग जास्त. म्हणूनच नॅनो कणांवर भर आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मात्र हवेतला दमटपणा आणि दुसरे वायू या नाकाला फसवतात. शेतात वापरताना हीच मोठी अडचण.

असे यंत्र बांधावर येईल तेव्हा येवो. आपण मात्र आजच एवढे करावे :

१. युरिया पाचटावर किंवा उघड्या सरीत फेकू नये, मातीआड करावा.
२. मातीआड करणे जमले नाही, तर लगेच हलके पाणी द्यावे.
३. सगळी मात्रा एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावी. ठिबक असेल तर त्यातूनच सोडावी.
४. चुना किंवा राख युरियात मिसळू नये.

मातीआड केलेला युरिया उसाचा, उघडा टाकलेला वाऱ्याचा. गोणीचे पैसे मात्र दोन्ही वेळा आपलेच जातात.

— ऊस विकास अधिकारी