परिचारिकेच्या श्रमांची मोजदाद

खाटांची संख्या हजर परिचारिकांच्या संख्येने भागली की कामाचा बोजा कळतो, हा रुग्णालयीन कारभारातील सर्वांत जुना आणि सर्वांत सोयीस्कर गैरसमज होय. ज्या कक्षात सकाळी चौघांना घरी सोडले आणि दुपारच्या आत त्याच खाटांवर चार नवे रुग्ण दाखल झाले, त्याच्या दप्तरी खाटांचा आकडा जसाच्या तसा राहतो. परंतु चार डिस्चार्ज कार्डे, चार नवे केसपेपर, लावावयाच्या सलाईनी आणि नातेवाइकांची घालावी लागणारी समजूत यांचा त्या आकड्यात मागमूसही नसतो.

हा हिशेब लावण्यासाठी प्रत्येक परिचारिकेमागे घड्याळ घेतलेला निरीक्षक उभा करावा लागेल, ही समजूतही निराधार आहे. अ‍ॅन हेंड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 36 रुग्णालयांत केलेल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिकांजवळ स्मार्टफोनचे पूर्वज म्हणता येईल असे एक हातयंत्र दिलेले होते. ते अवचित इशारा देई आणि त्या क्षणी जे काम चालू असेल ते परिचारिका पडद्यावर नोंदवी. (अशा तुटक क्षणांवरून सबंध पाळीचा अंदाज बांधण्याची रीत मूळची ब्रिटनमधील कापडगिरण्यांची, हे मौजेचे आहे.) निष्पन्न असे झाले की, परिचर्येच्या वेळापैकी 35.3 टक्के वेळ नोंदी करण्यात, 20.6 टक्के समन्वयात, 17.2 टक्के औषधे देण्यात जात होता, आणि प्रत्यक्ष शुश्रूषेच्या वाट्यास अवघे 19.3 टक्के येत होते. सिस्टर सदैव लिहीतच बसलेल्या असतात, ही नातेवाइकांची तक्रार निरीक्षण म्हणून खरीच आहे; ती जाते मात्र चुकीच्या पत्त्यावर.

फोनला पावले मोजता येतात म्हणून पावले म्हणजेच श्रम, असेही मानले जाते. नासाच्या संशोधकांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या, पुढे परिचर्येतही वापरल्या गेलेल्या श्रममापन-प्रश्नावलीच्या सहा अंगांपैकी शारीरिक श्रम हे केवळ एक. मानसिक ताण, वेळेची निकड, वैफल्य ही अंगे पावलांत उतरत नाहीत. औषधांच्या ट्रेपाशी इंजेक्शनची मात्रा मोजत उभ्या असलेल्या परिचारिकेची पावले शून्य भरतात, आणि नेमकी त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरून हाक येते. सिडनीच्या दोन रुग्णालयांतील 2010 सालच्या अभ्यासात औषध देतानाच्या प्रत्येक व्यत्ययागणिक वैद्यकीय चुकांत 12.7 टक्के वाढ आढळली. ही निरीक्षणेही हातयंत्रावरच नोंदलेली होती.

हा सारा पाळतीचा प्रकार आहे, हा परिचारिकांचा संशय मात्र मी गैरसमजांत मोडत नाही. नोंद नावानिशी वरिष्ठांकडे जाऊ लागली की ती हजेरीपटाचे रूप घेते आणि तिच्यातील सत्यांश लोपतो. शिवाय यंत्राला केलेले काम दिसते, सवडीअभावी राहून गेलेले दिसत नाही. म्हणून अशी मोजणी सुरू करणाऱ्या प्रशासनाने ती निनावी ठेवावी, आणि तिच्या आधारे किती पदे मंजूर होणार हे पहिल्या नोंदीपूर्वीच लेखी जाहीर करावे.