हेडलाइट रंगवताना

यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. पण हेडलाइटची काच पिवळी पडते ती मुख्यतः अतिनील किरणांमुळे. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. वरचा संरक्षक लेप झिजला की ते धुरकटते.

घरी हेडलाइट उघडून आतली चौकट काळी रंगवण्याची हौस अनेकांना असते. सांध्यातला ब्युटाइल चिकटा गरम केल्यावर मऊ होतो, म्हणून हेडलाइट उघडते. नीट बंद झाली नाही, तर पावसाळ्यात आत बाष्प धरते. चौकट रंगवा, परावर्तकाला हात लावू नका. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ, कापडानेही ओरखडतो आणि प्रकाशझोत बिघडतो. बाहेरून काच काळी करणे तर घातकच. टिपेश्वरच्या जंगलालगत रात्री रानडुक्कर आडवे येते, तेव्हा पूर्ण प्रकाश हवाच. रंगकामानंतर झोत भिंतीवर तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.