गोचीड, गोवंडी आणि आपला गोठा



ऊस विकास विभागाच्या माणसाने गुरांच्या दुखण्यावर का लिहावे, असे काहींना वाटेल. पण आडसाली उसाचे पैसे हातात यायला दीड वर्ष लागते, आणि तोवर घर चालते ते दर दहा दिवसांच्या दूध-बिलावर. प्लॉट पाहणीला गेलो की लागणीची तारीख सांगण्याआधी मंडळी गाईचेच रडगाणे सांगतात. चांगली वीस लिटरची एचएफ गाय, अचानक ताप आला, वैरण टाकली, डोळ्यांतून पाणी, धाप, आणि आठवड्याभरात गेली. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती का, असे विचारले की बहुतेक जण मान डोलावतात. हा गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया.

गोचिडीमुळे होणारे आणखी दोन रोग आपल्याकडे आहेत. बबेसियात लघवी कॉफीसारखी लालसर होते, ॲनाप्लाझ्मात जनावर पांढरेफटक पडते आणि कावीळ होते. तिन्हींची औषधे वेगवेगळी आहेत. म्हणून तापाचे इंजेक्शन स्वतःच टोचून मोकळे होऊ नका. डॉक्टरांना बोलवा, रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. थायलेरियावर ब्युपारवाक्वोन हे औषध चांगले चालते, पण ते महाग आहे आणि पहिल्या एक-दोन दिवसांत दिले तरच पैसे वसूल होतात.

किडा रोग पसरवतो ही गोष्ट शास्त्राला कळली तीच मुळी गोचिडीमुळे. अमेरिकेतील स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली गुरांच्या टेक्सास तापाबद्दल ते सिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत हिवतापाचा डास पकडला तो त्यानंतर चार वर्षांनी.

आफ्रिकेची हकिगत आपण ऐकण्यासारखी आहे. १८९६-९७ च्या सुमारास बुळकांडीने दक्षिण आफ्रिकेतील गोठे ओस पडले. ते भरून काढायला पूर्व किनाऱ्याकडून गुरे आणली, आणि त्यांच्याबरोबर थायलेरियाचाच एक जबर भाऊबंद उतरला. त्याला तिकडे ‘पूर्व किनारा ताप’ म्हणतात. खुद्द रॉबर्ट कॉख यांना १९०३ साली ऱ्होडेशियात बोलावून घेतले होते. उपाय निघाला तो डिपिंगचा. औषधी पाण्याचे लांब हौद बांधायचे आणि त्यातून गुरे ठरलेल्या दिवशी पोहवून काढायची. दक्षिण आफ्रिकेने डिपिंग, गुरांची ने-आण बंदी आणि बाधित कळपांची कत्तल असे सगळे करून १९५० च्या दशकात हा रोग हद्दपार केला. पण आजच्या झिंबाब्वेत, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियात, १९७० च्या दशकातल्या युद्धात हौद बंद पडले. अंगाला गोचीडच माहीत नसलेली ती गुरे, त्यांच्यात प्रतिकारशक्ती कुठून असणार? सुमारे दहा लाख जनावरे गोचीड-रोगांनी दगावली असा अंदाज आहे.

आपल्या खिलार किंवा देवणी वासराला लहानपणीच थोडी गोचीड लागते, थोडा ताप येऊन जातो आणि ते पुढे टिकते. म्हैसही बऱ्यापैकी तग धरते. मरते ती संकरित गाय, आणि तीच आपल्या गोठ्यात जास्त आहे. गोम अशी की बरे झालेले जनावर वरून ठणठणीत दिसते, पण रक्तात जंतू घेऊन फिरते.

म्हणून जिथे गावोगावची जनावरे एकत्र येतात ती जागा धोक्याची. गोवंडी स्टेशनाजवळचे देवनार पशुवधगृह आणि त्याचा जनावरांचा बाजार मुंबई महापालिकेने १९७१ साली सुरू केला. २०१५ पासून गाय-बैल तिथे जात नाहीत. म्हशी-रेडे, शेळ्या-मेंढ्या जातात, आणि बकरी ईदला परराज्यांतून लाखाच्या वर बकरे उतरतात. तिथे गेलेले जनावर सहसा परत येत नाही. ट्रक मात्र परत येतो! त्याच ट्रकमधून तुम्ही बाजारातली गाय घरी आणणार असाल, तर आधी हौदा झाडून-धुऊन घ्यायला लावा. ड्रायव्हर कुरकुर करील, करू द्या.

माझ्या मते गोवंडीपेक्षा आपल्या कारखान्याचा बैलतळ जास्त विचार करण्याजोगा आहे, कारण इथली जनावरे रोज तुमच्या शिवारात जातात. हंगामात बीड, नगरकडच्या टोळ्या येतात. बैलगाडी फडावर येते, जोडी तुमच्या गोठ्याशेजारच्या झाडाखाली सुटते. बैल बिचारे काटक, त्यांना काही होत नाही. पण पोट भरलेली गोचीड तिथेच गळते. थंडीत ती सुस्त असते, भेगेत जाऊन बसते आणि उन्हाळा-पावसाळ्यात वर येते. टोळीवाल्यांवर राग काढण्यात अर्थ नाही, बैल हेच त्यांचे भांडवल. जोडी गोठ्यापासून लांब सोडायला सांगा, आणि गाळप संपले की ती जागा साफ करा.

आता मुख्य मुद्दा. थायलेरियाची गोचीड दगडी भिंतीच्या फटीत, दावणीखाली, छपराच्या वाशात राहते. गाईवर ती येते जेवायला. आपण फक्त गाईवर औषध फवारतो आणि भिंत तशीच ठेवतो, मग पंधरा दिवसांत पुन्हा तेच. भेगा सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा, गोठ्यातला कचरा लांब नेऊन जाळा, फवारणी भिंतीवरही करा. औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. कमी मात्रेने वारंवार फवारल्यामुळे डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी आढळल्या आहेत. उसावरची कीटकनाशके तर गाईवर मुळीच मारू नका.

थायलेरियाचे जंतू गोचीड चिकटल्यावर लगेच गाईत जात नाहीत, पिकायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे एक दिवसाआड कानाच्या आत, कासेवर, शेपटीखाली हात फिरवून गोचिडी काढल्या तरी पुष्कळ काम होते. घरातल्या बायका धार काढताना हे करतातच, पुरुषांनीही थोडे वाकावे. मात्र काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत काँगो ताप माणसांत आढळला, पुण्याच्या विषाणू संस्थेने त्याचे निदान केले. तोही गोचिडीचाच रोग. बाधित जनावराच्या रक्तातून आणि रुग्णाच्या रक्तातूनही तो माणसाला होतो.

थायलेरियावर लसही आहे, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची. ती द्रव नत्राच्या टाकीतच टिकते, त्यामुळे एकट्या-दुकट्याला मिळणे कठीण. दूध संस्थेने गावातल्या संकरित कालवडींची यादी करून एकाच दिवशी डॉक्टरांना बोलावले तर जमते. गाभण गाईंबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे. यादी करायची असेल तर गटातल्या शेती मदतनिसाकडे नावे द्या, ऊस नोंदीच्या फेरीत तो गावात येतोच.