साऊथ मॅनिटू : पिल्लाच्या कुशीत टाकलेला नांगर



ॲन आर्बरकरांचा उन्हाळा तसा ठरलेला असतो. एक पिकनिक, एक नायगारा (भारतातून आई-बाबा आलेले असतील तर नक्कीच!) आणि एखादी मॅकिनॉ बेटाची फेरी. या वेळी आम्ही जरा वेगळी वाट धरली. आमच्या एका मित्राला शिडाच्या होडीचं वेड आहे. त्याच्या तीस फुटी यॉटमधून आम्ही चार मोठे आणि दोन मुलं लेक मिशिगनमधल्या साऊथ मॅनिटू बेटावर जाऊन आलो. अनेकांनी चौकशी केली, म्हणून ही सविस्तर माहिती.

बेट आहे कुठे?

ॲन आर्बरहून यूएस-२३ आणि आय-७५ ने ग्रेलिंगपर्यंत, तिथून एम-७२ ने ट्रॅव्हर्स सिटी आणि पुढे लीलंड. गाडीने साडेचार-पाच तास. लीलंडपासून हे बेट पाण्यावरून साधारण १६ मैल. आमच्या होडीला वारा बरा असताना तीन-साडेतीन तास लागले. वाटेत मॅनिटू पॅसेज लागतो. तिथे पाण्याखाली उथळ जागा आहेत, म्हणून १९३५ मध्ये पाण्यातच एक दीपगृह उभारलं. स्थानिक लोक त्याला 'द क्रिब' म्हणतात.

बेट लहानसं, सुमारे तीन मैल लांब, तीन मैल रुंद. १९७० मध्ये स्थापन झालेल्या स्लीपिंग बेअर ड्यून्स नॅशनल लेकशोअरचा ते भाग आहे. दुकान नाही, हॉटेल नाही, चहाची टपरी तर नाहीच नाही!

खाडीची गोष्ट

बेटाच्या पूर्वेला चंद्रकोरीसारखी खाडी आहे. इथून दक्षिणेला शिकागोपर्यंत, म्हणजे २२० मैलांत, असं दुसरं नैसर्गिक बंदर नाही. त्यामुळे पश्चिमेचं वादळ उठलं की जहाजं या खाडीत धाव घेत. १८३० च्या दशकात विल्यम बर्टन नावाच्या माणसाने इथे धक्का बांधून आगबोटींना जळाऊ लाकूड विकायला सुरुवात केली. १८७१ मध्ये बांधलेलं शंभर फुटांहून उंच दीपगृह आजही खाडीच्या टोकाला उभं आहे.

आम्ही संध्याकाळी पोचलो. बाहेर चांगल्या लाटा होत्या, पण खाडीत शिरलो आणि पाणी एकदम शांत! कोकणातल्या मंडळींना हा अनुभव नवीन नाही. खवळलेल्या समुद्रातून होडी खाडीत शिरते तेव्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो.

इथे नांगर टाकताना मात्र लक्ष लागतं. किनाऱ्याजवळ वाळूची अरुंद पट्टी आहे आणि तिच्यापुढे तळ झपाट्याने खोल जातो. नांगर त्या पट्टीवर पडला पाहिजे. पाणी जितकं खोल असेल त्याच्या निदान पाच ते सात पट साखळी-दोर सोडायचा, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर वाळूत रुततो. मग इंजिन मागे चालवून तो सरकत नाही ना हे तपासायचं. किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून ठेवायची. रेषा मोडली तर समजावं, नांगर घसरतोय. मुलांना हे काम फार आवडलं. दर दहा मिनिटांनी "झाडं जागेवर आहेत!" असा पुकारा चालू होता.

पिल्लांची गोष्ट

रात्री डेकवर बसून आम्ही मुलांना इथली कथा सांगितली. अनिशिनाबे लोकांची, म्हणजे ओजिब्वे, ओडावा आणि बोडेवाडमी या 'तीन अग्नीं'ची ही भूमी. त्यांच्या कथेत आजच्या विस्कॉन्सिनच्या बाजूला मोठा वणवा लागतो. एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन जीव वाचवायला तळ्यात उडी घेते. पोहत पोहत ती मिशिगनच्या किनाऱ्याला लागते, टेकाडावर चढते आणि मागे राहिलेल्या पिल्लांची वाट पाहत बसते. पिल्लं येत नाहीत. किनारा दिसत असताना ती बुडतात. जिथे ती दिसेनाशी झाली तिथे गिची मॅनिटूने, म्हणजे महान आत्म्याने, दोन बेटं घडवली : नॉर्थ मॅनिटू आणि साऊथ मॅनिटू. आणि वाट पाहणाऱ्या आईची झाली वाळूची टेकडी, 'स्लीपिंग बेअर'.

कथा संपल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पाण्यापलीकडे बसून वाट पाहणारी आई म्हटल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाला कोण आठवणार, हे काय सांगायला हवं?

ती टेकडी झिजते आहे. १९०६ मध्ये तिची उंची २३४ फूट होती, १९६१ मध्ये १३२, १९८० मध्ये १०३. लाटा पायथा खातात आणि वारा वाळू उडवून नेतो.

मुलांनी विचारलं, "मग ते लोक आता कुठे गेले?" खरं सांगायचं तर आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मिशिगनमध्ये राहून!

वारा फिरला

दुसरी रात्रही तिथेच काढायची होती. पण सकाळी हवामानाच्या अंदाजात रात्री ईशान्येचा जोरदार वारा सांगितला आणि मित्र म्हणाला, "दुपारी निघायचं." मुलं रुसली, आम्हीही थोडे नाराज झालो. इतकी सुरक्षित खाडी सोडून का जायचं?

कारण साधं आहे. ही खाडी पश्चिमेच्या वाऱ्यापासून वाचवते, पूर्वेला ती उघडी आहे. वारा फिरला की तोच आडोसा सापळा होतो, होडी किनाऱ्याकडे ढकलली जाते. बेटाच्या दक्षिण टोकाजवळ १९६० मध्ये वादळात रुतलेलं 'फ्रान्सिस्को मोराझान' हे मालवाहू जहाज आजही पाण्यात गंजत पडलंय. ते आठवलं की हट्ट करायचं धाडस होत नाही. आम्ही नांगर उचलला.

उत्तर अर्ध्या तासावर होतं

त्यामुळे एक दिवस हातात राहिला आणि आम्ही लीलंडहून गाडीने पेशॉबीटाऊनला गेलो. अर्धा तासही लागत नाही. आपल्यातल्या काहींना हे गाव कॅसिनोमुळे माहीत असेल. ग्रँड ट्रॅव्हर्स बँड ऑफ ओटावा अँड चिपेवा इंडियन्स या राष्ट्राचं हे मुख्य ठाणं. त्यांचं 'एयाविंग' म्युझियम इथेच आहे. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं : ते कुठेही गेले नाहीत, इथेच आहेत.

थोडा इतिहास सांगायला हवा. १८३६ च्या वॉशिंग्टन तहात ओडावा आणि ओजिब्वे प्रमुखांनी आजच्या मिशिगनचा एक तृतीयांशाहून जास्त भाग अमेरिकन सरकारला दिला. शिकारीचा आणि वहिवाटीचा हक्क मात्र त्यांनी तहात राखून ठेवला. जमिनीचे जे राखीव तुकडे ठेवायचं ठरलं होतं, त्यांना सिनेटने नंतर पाच वर्षांची मुदत घातली. पुढे १८७२ मध्ये सरकारने या लोकांशी राष्ट्र म्हणून असलेलं नातंच तोडलं. अधिकृत मान्यता परत मिळाली ती १९८० मध्ये. म्हणजे स्वतःच्या जमिनीवर १०८ वर्षं 'स्टेटस'विना! व्हिसाच्या एका कागदासाठी जागून काढलेल्या रात्री आपल्याला ठाऊक आहेत. आपण तर इथे बाहेरून आलो, ते कुठूनही आले नव्हते.

मासेमारीचा हक्कही कोर्टात जाऊन सिद्ध करावा लागला. १९७९ मध्ये न्यायाधीश फॉक्स यांनी निकाल दिला की १८३६ च्या तहातला तो हक्क अजून जिवंत आहे. २०२३ मध्ये त्याविषयीचा नवा करार मंजूर झाला.

एक गंमतही कळली. 'मिशिगन' आणि आपल्या काउंटीचं 'वॉशटनॉ' ही नावं मूळ अनिशिनाबे भाषेतून आलेली. पण 'लीलनॉ' काउंटीचं नाव तसं वाटलं तरी ते हेन्री स्कूलक्राफ्ट या गोऱ्या अधिकाऱ्याने दिलेलं. १८३६ चा तह सरकारतर्फे करणारा तोच!

पाहुण्याने कसं वागावं

आमच्या मुलीला खाडीत नारळ सोडायचा होता, नारळी पौर्णिमेसारखा. अनिशिनाबे लोकही पाण्याला तंबाखू वाहून मान देतात, हे ऐकून तर तिला चेव आला. आम्ही समजावलं की ज्यांचं घर आहे त्यांची रीत त्यांनी करावी, पाहुण्याने नुसते हात जोडावेत. तिने हात जोडले, नारळ परत आणून त्याची चटणी केली!

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी :

– दगड, हाडं, जुन्या वस्तू काहीही उचलू नका.
– धक्का फेरी आणि पार्कच्या बोटींसाठी आहे. यॉटने नांगर टाकावा आणि छोट्या होडीने किनाऱ्यावर जावं.
– यॉट नसेल तर लीलंडहून फेरीची सोय असते. पण वाळू सरकल्याने धक्क्याच्या अडचणी येतात, म्हणून निघण्यापूर्वी पार्कच्या ऑफिसला फोन करा.
– बेटावर कुत्री-मांजरं नेता येत नाहीत. खाणं आपलं आपण न्यायचं आणि कचरा परत आणायचा.
– होडीतलं सांडपाणी तळ्यात सोडायला मिशिगनमध्ये बंदी आहे.
– उन्हाळ्यातही पाणी फार थंड असतं. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालावं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.
– परतताना पेशॉबीटाऊनसाठी दोन तास जरूर ठेवा.

आणि एवढ्या लांब जाणं जमलं नाही तर? युनिव्हर्सिटीच्या डायॅगवर २००२ मध्ये बसवलेली एक पाटी आहे. १८१७ च्या तहात ओजिब्वे, ओडावा आणि बोडेवाडमी लोकांनी डेट्रॉइटच्या कॉलेजसाठी १,९२० एकर जमीन दिली, त्याची ती नोंद. तेच कॉलेज म्हणजे पुढे ॲन आर्बरला आलेलं मिशिगन विद्यापीठ. आपल्यातले कितीतरी जण ज्या विद्यापीठामुळे या गावात आले, त्याच्या पायात ती जमीन आहे. आम्ही त्या पाटीवरून शेकडो वेळा गेलो होतो. बेटावरून आल्यावर पहिल्यांदा थांबून वाचली.

पुढच्या उन्हाळ्यात कुणी येणार असाल तर आत्ताच सांगा. होडीत जागा सहाच आहेत, आणि वारा फिरला तर परत फिरायची तयारी हवी!