फ्लॅटमधील संसार : उजेडाची जागा कुणाची?

यवतमाळला दारव्हा रोड, आर्णी रोड या भागांत आता तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. वणी भागात कोळसा खाणींच्या वसाहती आहेत. शिक्षक, लिपिक, परिचारिका, बँक कर्मचारी अशी आपली पुष्कळ कुटुंबे या घरांतून राहू लागली आहेत. गावाकडे घर लहान असले तरी पुढे सपरी होती, अंगण होते. धान्याचे वाळवण, आजोबांची खाट, आलेला पाहुणा, सारे अंगणात सामावून जात असे. फ्लॅटला अंगण नाही. म्हणून इथे घर कसे लावावे हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. कोणती वस्तू कुठे ठेवली यावरून घरातल्या कुणाला जागा मिळेल आणि कुणाला मिळणार नाही, हे ठरते.

आमची चूक

आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा सर्वांत आधी सोफासेट आणि काचेची शोकेस घेतली. खिडकीसमोरची चांगली भिंत शोकेसला दिली. त्यात कपबश्या, प्लास्टिकची फुले, लग्नात आलेले घड्याळ मांडले. आलेगेले कौतुक करीत. मुलगी दहावीला होती. टीव्ही बंद झाला की ती रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अभ्यास करी. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. आपणही असेच शिकलो, असे आम्ही म्हणत असू.

दिवाळीत गावाहून आई आली. दोन दिवस तिने हे पाहिले आणि म्हणाली, "बापू, भांड्याइले काचेचं घर अन् पोरीच्या पुस्तकाले जागा नाई!" आम्ही निरुत्तर झालो. त्याच आठवड्यात कपबश्या स्वयंपाकघरात गेल्या, शोकेसमध्ये पुस्तके आली आणि खिडकीपाशी एक साधे टेबल लागले.

खरे म्हणजे हे आम्हाला दुसऱ्याने सांगण्याची गरज नव्हती. मुंबईत परळच्या एका चाळीत, भांडीकुंडी आणि धूर यांनी भरलेल्या एकाच खोलीत बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन गेले. मुलाला शांतता मिळावी म्हणून रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः झोपत. जागा नव्हती, म्हणून बापाने आपली झोप दिली. पुढे परळच्याच बी.आय.टी. चाळीत ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा एक संसाराला आणि एक अभ्यासाला, अशी वाटणी झाली. दादरचे 'राजगृह' बांधतानाही ग्रंथांच्या जागेचा विचार आधी झाला. आपल्याकडे दोन खोल्या असताना पुस्तकाला कोपरा मिळत नसेल, तर उणीव जागेची नाही.

अभ्यासाचा कोपरा

टेबल खिडकीजवळ असे ठेवावे की उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून मिळेल. हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्या मुलासाठी याच्या उलट करावे. टीव्हीकडे पाठ असावी. टेबलाला जागा नसेल तर भिंतीला बिजागरीने जोडलेली, काम झाल्यावर खाली पाडता येणारी फळी सुताराकडून करून घ्यावी. भिंतींना फिका रंग दिला तर एकाच ट्यूबलाइटमध्ये खोली उजळ दिसते. तथागतांचे व बाबासाहेबांचे छायाचित्र याच स्वच्छ भिंतीवर शोभते. टीव्हीच्या डोक्यावर किंवा चपलांच्या रॅकवर ते लावू नये.

कागदपत्रांची पेटी

घराच्या मांडणीत हिचा विचार फार थोडे लोक करतात. मुलीच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला हवा होता. तो माळ्यावरच्या लाकडी पेटीत होता आणि त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता. तारीख तेवढी वाचता आली, म्हणून निभावले. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. असा कागद घरातल्या दागिन्यापेक्षा मोलाचा. जुने दाखले, गुणपत्रिका, जमिनीचे व फ्लॅटचे कागद जाड प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून लोखंडी कपाटात ठेवावेत. फाईलच्या पहिल्या पानावर यादी असावी. झेरॉक्सचा एक संच नातेवाइकाकडे द्यावा, मोबाईलमध्ये छायाचित्रेही काढून ठेवावीत. फाईल कुठे आहे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे.

वडीलधाऱ्यांची सोय

गावाहून आलेल्या आईवडिलांचे अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेत पडू नये. दिवाण घेतल्यास आत गोधड्या राहतात आणि वर एकाची झोपण्याची सोय होते. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा, खाली खडबडीत फरशी आणि वाटेत रात्रीचा बारीक दिवा, एवढ्यावर म्हातारपणीची पडझड बरीच टळते.

उन्हाळा आणि कूलर

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. ऊन काचेच्या आत येऊन पडद्यावर पडले तर उष्णता घरात शिरलेलीच असते, म्हणून ते बाहेरच अडवावे. पश्चिमेच्या बाल्कनीला बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावावी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा.

कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. कूलरला अर्थिंग असलेच पाहिजे. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लगसुद्धा काढावा. लहान मुलांचा हात पोचेल असा कूलर ठेवू नये.

बाल्कनी : पाणी आणि झाडे

२०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला आणि घरोघरी ड्रम आले. आमच्याही बाल्कनीत तीन ड्रम होते. दोनशे लिटरच्या भरलेल्या ड्रममधील पाण्याचेच वजन दोनशे किलो होते, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. पुढे काढलेल्या बाल्कनीच्या टोकाला असे ओझे देऊ नये; ड्रम आत, भिंतीलगत आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत. झाकण घट्ट असावे. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात. म्हणून ड्रम, कूलरची टाकी आणि कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी.

कुंड्या कठड्यावर ठेवू नयेत. वाऱ्याने पडली तर खाली खेळणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतेल. भर उन्हात कोरफड, सदाफुली, बोगनवेल टिकते; सावलीत मनी प्लँट चालतो; स्वयंपाकाला कढीपत्ता, पुदिना, गवती चहा उपयोगी पडतो. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी त्यांना पुरते. ते खालच्या शेजाऱ्यांच्या वाळवणावर गळू नये, एवढे पाहावे.

पिंपळाविषयी आपल्याला जिव्हाळा आहे. परंतु भिंतीच्या फटीत उगवलेले रोपटे तसेच राहू दिले तर त्याची मुळे भिंत फोडतात. ते लहान असतानाच मुळासकट काढून विहाराजवळ किंवा मोकळ्या जागेत लावावे.

जिना सर्वांचा असतो. तिथे सायकली, खोकी, चपलांचे ढीग नसावेत. आजारी माणसाला रात्री खाली न्यायची वेळ कुणावरही येते.

शेवटी एवढेच

भगिनींनो आणि बंधूंनो, आज रात्री नऊ वाजता घरात नजर टाका. मूल कुठे बसले आहे? आई कुठे टेकली आहे? दिवसभर राबलेल्या गृहिणीला पाठ टेकून चार ओळी वाचायला जागा आहे का? घरातला सर्वांत चांगला उजेड कुणावर पडतो आहे? तो नुसत्या शोभेच्या वस्तूवर पडत असेल, तर येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून ती वस्तू हलवा. आमच्या शोकेसमधल्या कपबश्या कुठे गेल्या, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेले नाही. मुलगी आता नोकरीला लागली आहे, आणि तिच्या त्या टेबलावर हल्ली आजी चष्मा लावून वर्तमानपत्र वाचते.