लीद वाळूवरची की तबेल्यातली?

गांडुळांना आज थोडं थांबावं लागेल. मागच्या लेखात लिदीचा उल्लेख ओझरता आला, त्यावर अलिबागच्या एका वाचकाने विचारलंय की किनाऱ्यावर घोडागाड्यांमागे पडलेली लीद वाडीत घातली तर चालेल का. चालेल, पण खताचा निम्मा जीव तिथेच राहून जाईल. घोड्याच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या पोटॅशचा मोठा भाग आणि नत्राचाही बराच भाग मूत्रातून जातो. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर हे मूत्र वाळूत जिरतं, माथेरानच्या तांबड्या वाटांवर धुळीत. हाती लागतात ते नुसते गोळे. तबेल्यात मात्र खाली अंथरलेला पेंढा मूत्र धरून ठेवतो. तो ओला, पिवळट, नाकाला झोंबणारा पेंढा हाच खरा माल, आणि नेमका तोच बाजूला सारून लोक कोरडे गोळे पोत्यात भरतात. आपल्या वाड्या नारळाच्या, आणि नारळ जमिनीतून सगळ्यात जास्त उचलतो ते पोटॅशच. तेव्हा ही चूक आपल्याला जास्तच महाग पडते.

कुणी म्हणेल, किनाऱ्यावरच्या लिदीचा खरा दोष म्हणजे खार. नारळाला थोडा खार सोसतो. मिरचीला, घेवड्याला सोसत नाही. पण खार पावसात धुऊन जाईल, नसलेलं पोटॅश मात्र कुठून येणार? दुसरा आक्षेप जुनाच, की लीद ‘गरम’ असते आणि मुळं जाळते. ताजी घातली तर जाळतेच. पण तीच धग ढिगात कामाला येते. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे गवताचं बरंच बी त्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडतं. पुरुषभर लांब-रुंद आणि कमरेएवढा उंच ढीग लावला, की आतली उष्णता ५५ अंशांच्या वर जाते आणि बहुतेक बी मरतं. कडेचा माल थंडच राहतो, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी ढीग उलथून बाहेरचं आत घालायचं. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघावा, इतकीच ओल हवी.

धनुर्वाताची भीती मात्र खोटी नाही. त्याचे बीजाणू या धगीलाही पुरून उरतात. ते गाईच्या शेणात आणि साध्या मातीतही असतात, तेव्हा लीद टाळून काही साधत नाही. हातमोजे घाला आणि लस वेळेवर घ्या. शिमग्यात लावलेला ढीग मृगाच्या सुमारास तयार होतो, आणि खरी परीक्षा तेव्हाच असते. पोटॅश पाण्यात सहज विरघळतं. तबेल्यातून जपून आणलेला माल पावसाळ्यात उघड्यावर टाकला, तर तोही अखेर वाळूवरच्या लिदीच्याच पंगतीला बसतो. त्यावर ताडपत्री हवी. झावळ्यांनी कोकणातला पाऊस अडत नाही.

गांडुळं पुढच्या आठवड्यात. त्यांनाही लीद निवल्यावरच रुचते.